नटावर न बसणारे पाने

आयुष्यभर गाड्या दुरुस्त केलेले बाबा दुकानात एकेक पाना तळहातावर तोलून बघत होते. "घरच्या गाडीला असलाच माल हवा," म्हणत त्यांनी पेटी निवडली, तेव्हा किती दिवसांनी त्यांचा चेहरा खुलला होता.

ते पाठमोरे होताच लेक दुकानदाराला हळूच म्हणाली, "दादा, याच पेटीत आमच्या गाडीला न बसणारे पाने भरा. नटावर नुसते गरागरा फिरले पाहिजेत. बाबा नट सोडतात आणि आवळायचे विसरतात. परवा भर रस्त्यात चाक निखळलं, गाडीत माझी पोरं होती."

घरी आल्यावर बाबा चाकापाशी बराच वेळ खटपट करत बसले. मग लेकीपुढे दोन्ही तळवे पसरून म्हणाले,

"पाने चांगलेच आहेत गं पोरी. माझे हातच कामातून गेले."