आईचं दुखणं

“चार मिनिटं, चाळीस सेकंद,” आई म्हणाली. “काल सकाळचा झटका. परवाचा त्याहून मोठा होता.”

समुपदेशक बाईंनी लिहून घेतलं. “आणि होतं काय नेमकं?”

“घशात गोळा येतो. बोटं बधिर होतात. आता आपण मरणार, असं वाटतं.” आईने हे भाजीचा भाव सांगावा तसं सांगितलं.

“जेवण जातं?”

“जातं की. हिच्या ताटातलं उरतं, तेही मीच संपवते.”

शेजारच्या खुर्चीत किल्लीचे तळहात ओले झाले होते. आईचं दुखणं ऐकलं की तिच्याच घशात काहीतरी अडके. किल्ली हे नाव वडिलांनी पाडलेलं. ती चाळिशीला आली तरी दुकानातली गिऱ्हाइकं तिला त्याच नावाने हाक मारत.

वडील घड्याळजी. पाच महिन्यांपूर्वी एका दुपारी ते काउंटरमागून म्हणाले होते, “छातीत जड वाटतंय गं.” किल्लीने डोळ्यावरचं भिंगसुद्धा काढलं नाही. “काही नाही हो बाबा, पित्त असेल. हातातलं तेवढं संपवा आणि पडा जरा.” त्यांनी हातातलं संपवलं. मग पडले, ते उठले नाहीत.

दोन महिन्यांनी आईचं सुरू झालं. ईसीजी झाला, रक्त झालं, घसा झाला. दुर्बिणीची नळीसुद्धा आईने हूं की चूं न करता गिळली. सगळे रिपोर्ट स्वच्छ. डॉक्टर म्हणाले, “काही नाही.” या दोन शब्दांवर किल्लीचा विश्वास उरला नव्हता. एकाला घालवून बसलो, आता दुसरीलाही घालवणार, एवढंच तिला दिसत होतं. डॉक्टरांनी मग या बाईंचा पत्ता दिला. आईची अट एकच: ही आत बसणार असेल तर येते.

पहिल्याच दिवशी, आई चप्पल घालायला बाहेर गेलेली असताना, किल्लीने विचारलं, “ती नाटक तर करत नाही ना?”

“दुखणं खरंच असतं,” बाई म्हणाल्या. “शरीरात कारण सापडलं नाही म्हणून ते खोटं ठरत नाही. तोंडाने बोलता येत नाही ते कधीकधी घसा बोलतो, छाती बोलते.”

“पण याने ती जाणार नाही?”

“याने नाही.”



घरी तिला आईचा झटका एकदाही सापडला नाही. दिवसातून दोन-तीनदा किल्ली तोंड धुवायला बाथरूममध्ये जाई, नळ सोडून जरा थांबे. बाहेर यावं तर आई दाराशी खुर्ची ओढून बसलेली. मांडीवर वही, चेहरा पांढराफटक. जे व्हायचं ते होऊन गेलेलं असे.

“हाक का नाही मारलीस?”

“मारून काय उपयोग? तू आत.”

किल्लीला स्वतःचाच राग येई. वडिलांच्या वेळी शेजारी असून उपयोग झाला नाही. आता तर शेजारीही नसते.

वही वडिलांची होती. दुरुस्त केलेलं घड्याळ ते आठवडाभर टांगून ठेवत आणि रोज किती सेकंद पुढे गेलं, किती मागे पडलं, ते वहीत मांडत. उरलेल्या पानांवर आता आई झटके मांडत होती. तारीख, सुरुवात, शेवट.

बाईंनी श्वास शिकवला. चार मोजत आत, सहा मोजत बाहेर.

“घड्याळजीच्या बायकोला मोजायला शिकवताय होय?” आई म्हणाली. “पण एकटीने करायला लाज वाटते बाई. ही करेल तर मी करेन.”

मग सकाळ-संध्याकाळ दोघी समोरासमोर बसू लागल्या. एकदा बाईंनी वडिलांच्या त्या दुपारबद्दल विचारलं. आई म्हणाली, “मी घरी होते हो. हिलाच सांगू द्या.” किल्लीने सांगितलं. पुढच्या आठवड्यात आईने पुन्हा तिच्यावरच ढकललं, तेव्हा पुन्हा सांगितलं. ‘काही नाही’ हे शब्द दुसऱ्या वेळी तिला उच्चारता आले. आई बरी व्हावी म्हणून ती काहीही करायला तयार होती.

आणि आई बरी होत होती. साडेचार मिनिटांची तीन झाली, तिनाची दीड. सहाव्या आठवड्यात दोन दिवस वहीत काहीच नव्हतं. किल्ली त्या दिवसांत पोटभर जेवली.

सातव्या आठवड्यात बाईंनी वही मागून घेतली. सगळी पानं चाळली. मग आईने लिहिलेल्या पहिल्या पानावर परत आल्या.

“काकू, हे झटका ओसरल्यावर लिहिता का?”

“छे! चालू असतानाच. नंतर सेकंद कुठले आठवायला?”

“बोटं बधिर असताना?”

बाईंनी वही आईपुढे सरकवली.

“एकही अक्षर हललेलं नाही.”

किल्ली उसळली. “म्हणजे? माझी आई खोटं बोलते, असं म्हणायचंय तुम्हाला?”

बाईंनी तिच्याकडे पाहिलं नाही. त्या आईकडेच बघत होत्या. “आता आपण मरणार, असं वाटत असताना घड्याळाकडे कोण बघतं, काकू?”

आईने चष्मा काढला, पुसला, पण परत लावला नाही.

“बाथरूमच्या दाराबाहेर बसून ऐकू येईल तेवढं लिहिलंय,” ती म्हणाली. “मला काही झालेलं नाही हो. पण स्वतःसाठी ही इथे आली असती का?”