दर्भाचा कावळा

शेवटच्या संध्याकाळी अप्पा डाळिंब सोलत बसले होते. मी हात पुढे केला, तर म्हणाले, “तुला कुठला एवढा धीर? जा, कुकर लाव.” मी गेले. सकाळी ते उठलेच नाहीत.

पुढचे दिवस पाहुणे, चहा, दाखले यांतच गेले. रडायला मी बसलेच नाही. दहाव्याला घाटावर पिंड ठेवला आणि कावळा शिवेना. कावळे झाडावर बसून नुसते बघत होते.

“दादा, घराची काळजी करू नकोस,” काका पिंडाकडे बघत म्हणाले.

“हिच्या लग्नाचं आम्ही बघतो रे,” आत्या म्हणाली.

“आत्या, पन्नाशी आली माझी.”

“म्हणूनच जीव अडकलाय त्याचा.”

ऊन चढलं. गुरुजी दर्भाचा कावळा वळू लागले. तो पिंडाला लावला की सगळं संपणार होतं.

“थांबा,” मी म्हणाले आणि पायरीवर बसले. आता करण्यासारखं काहीच नव्हतं, फक्त वाट बघायची. पाणी हळू वाहत होतं. कितीतरी दिवसांनी मला माझाच श्वास ऐकू आला.

सगळे त्यांना जा म्हणत होते. मी हात जोडले.

“अप्पा,” मी मोठ्यानं म्हणाले, “नका ना जाऊ.”