नागिणीचा विळखा

बियाणे कंपनीने फुकट वाटलेला तंग टी-शर्ट सहादूने डोक्यावरून ओढून काढला आणि हात वर करून आरशात पुन्हा पाहिलं. खाकेतली लाल कड कालच्यापेक्षा छातीकडे सरकली होती. दुसऱ्या खाकेतही तेच. ऊन चढलं की अशी खाज सुटायची, की टोमॅटोच्या सरीत उभं राहवत नसे.

"नागीण हाय ही," शेजारच्या काळूने परवा बांधावरूनच निदान केलं होतं. "एका खाकेत तोंड, दुसऱ्या खाकेत शेपूट. छातीवर दोन्ही भिडली की माणूस गेला समज."

काळूला साधा सर्दी-खोकला कळत नसे. पण भ्यालेल्या माणसाला डॉक्टरपेक्षा शेजारी खरा वाटतो. सहादूची पाचावर धारण बसली. तेव्हापासून तो रोज छातीवर बोटं ठेवून अंतर मोजायचा. आज आठ बोटं उरली होती.

मरणाला तो भीत होताच. त्याहून मोठी भीती होती पोटात दडवलेल्या गोष्टीची. ती तशीच घेऊन जायचं कसं? खाई त्याला खवखवे. दुपारी बायको, कलाबाई, भाकरी वाढत होती, तेव्हा त्याला राहवेना.

"आपल्या सायलीचा नर्सिंगला नंबर लागला होता," तो ताटाकडे बघत म्हणाला. "कॉलेजातून माझ्याच मोबाइलवर फोन आला. मीच सांगितलं, पोरगी येणार नाय. घरात म्हणलो, नंबर हुकला."

या गोष्टीला चार वर्षं झाली होती. त्याच वर्षी सायलीचं लग्न लावून तिला विंचूरला धाडलं होतं.

कलाबाईने भाकरी ताटात ठेवली. "जेवा. मग दवाखान्यात जाऊ."

इंदिरानगरच्या डॉक्टरीणबाईंनी दोन्ही खाका नीट पाहिल्या आणि लगेच चिठ्ठी लिहायला घेतली. "नागीण नाही, नायटा आहे. उन्हाने, घामाने वाढतो. हा अंगाला चिकटणारा टी-शर्ट बंद. सैल सुती कपडे घाला, खाक कोरडी ठेवा. मलम महिनाभर लावा, खाज थांबली तरी मध्येच सोडू नका. आणि नागीण असती, तरी विळखा पुरा झाला म्हणून कुणी मरत नाही."

सहादूच्या जिवात जीव आला. पण दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना त्याला दुसरीच धडकी भरली. मरायचं नव्हतं, म्हणजे आता बोलून बसलेलं निस्तरत जगायचं होतं.

"ते सायलीला कळू देऊ नको," तो घाईघाईने म्हणाला. "भ्यालो म्हणून बोलून गेलो. पोर जन्मात मला नाना म्हणायची नाय."

कलाबाईने चिठ्ठीची घडी घातली.

"तुम्ही फोनवर बोलत होता तवा ती मागंच उभी होती, चहा घेऊन," ती म्हणाली. "रातभर रडली. मग मला शपथ घातली. म्हणली, आई, मला कळलंय हे नानांना कळू देऊ नको, त्यांना लय लाज वाटंल."