उस्तादांची साक्ष

रुमाल खाली पडला आणि दोन्ही गाड्या उस्तादांच्या दोन बाजूंनी निघून गेल्या. डावीकडून मुलीची पांढरी, विजेवरची. उजवीकडून तिच्या वडिलांची पिवळी, पेट्रोलची. पिवळी नेहमीसारखी जीव खाऊन ओरडली असणार. उस्तादांना पायाखालचं डांबर थरथरलेलं कळलं, पेट्रोलचा वास आला आणि बस्स. त्यांच्या लेखी दोन्ही गाड्या सारख्याच मुक्याने गेल्या.

उजवा कान गेल्या वर्षी गेला होता. डावा या तीन-चार महिन्यांत. माणूस समोर उभा राहून बोलला तर ओठांवरून निभायचं. घरात बायकोला ठाऊक होतं, बाकी कोणाला नाही. ज्याने चाळीस वर्षं नुसत्या कानावर इंजिनं ट्यून केली, त्याने हे चारचौघांत कशाला सांगावं? झाकली मूठ सव्वा लाखाची. फक्त ती झाकून ठेवायला आता गॅरेजात एकच गाडी यायची, ही पिवळी. बाकीच्यांनी केव्हाच विकल्या होत्या.

आणि हीसुद्धा आज जायची होती. मुलीचं म्हणणं, बाबांची सत्तरी आली, क्लच दाबताना गुडघा दुखतो, गिऱ्हाईक तयार आहे, विकून टाका. दातांचे डॉक्टर असलेले बाबा जेवता जेवता बोलून गेले, "आधी मला हरवून दाखव, मग विकतो." हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय. म्हणून रविवारी सकाळी तिघं या वापरात नसलेल्या धावपट्टीवर आले होते.

शर्यत कसली, पहिल्या क्षणातच निकाल लागला होता. पिवळी दुसऱ्या गिअरमध्ये पडेपर्यंत पांढरी तीन गाड्यांचं अंतर टाकून पुढे. तिच्या मागच्या सीटवर लहान मुलाची खुर्ची होती आणि खुर्चीत एक कापडी ससा पट्टा लावून बसला होता.

दोघं वळून उस्तादांपाशी परत आले. पिवळी डॉक्टरांनी चालूच ठेवली होती.

"साडेतीन सेकंदांत शंभर, बाबा," मुलगी खाली उतरत म्हणाली. "आणि मी काही विशेष केलंसुद्धा नाही."

"तेच तर! बटण दाबलं की दिवापण लगेच लागतो. त्याचं कोणी कौतुक करतं का?"

"मग शर्यत कशाला लावलीत?"

डॉक्टरांनी खिडकीत कोपर टेकलं. "तुला नाही कळायचं. पहिल्या तीन सेकंदांत कोण पुढे गेलं, याच्याशी काय करायचंय? गाडी म्हणजे तिचा आवाज. अंगावर काटा आला पाहिजे. उस्ताद, सांगा हिला!"

उस्तादांना त्यातलं आपलं नाव तेवढं ओठांवर दिसलं. मुलगी त्यांच्यासमोर येऊन उभी राहिली. लहानपणी ती त्यांच्या गॅरेजात टायरांच्या चळतीवर बसून गृहपाठ करायची, त्यामुळे तिच्या बोलण्यात थट्टा नव्हती.

"काका, तुम्हीच सांगा. बाबा हट्टी आहेत, त्यांचं सोडा. या आवाजात खरंच काही आहे असं तुम्ही म्हणालात, तर विकायचं नाव मी पुन्हा काढणार नाही."

चाळीस वर्षांत इतका सोपा प्रश्न त्यांना कोणी विचारला नव्हता.

"बॉनेट उघडा," ते म्हणाले आणि गाडीच्या पुढे गेले.

डॉक्टरांनी सवयीने आधी इंजिन बंद केलं, मग बॉनेटचा खटका ओढला आणि किल्ली काढून खाली उतरले. उस्ताद तोवर झाकण वर करत होते. आत रेडिएटरचा पंखा जोरात फिरत होता. इंजिन तापलं की तो किल्ली काढल्यावरही मिनिटभर फिरतो, हे उस्तादांइतकं कोणाला ठाऊक असणार? पण त्यांना तो फिरताना दिसला आणि इंजिन चालूच आहे असं समजायला तेवढं पुरलं. त्यांनी डोळे मिटले.

"ऐक. खाली जे जाड घुमतंय ना, ते सहा सिलिंडर. एकही पुढेमागे नाही. आता त्याच्या वरचं ऐक. बारीक टिकटिक, व्हॉल्व्हची. आई पलीकडच्या खोलीत शिवायला बसली की मशीन ऐकू यायचं, तशी. आणि मध्येच ती एक श्वास घेते. हा... आत्ता घेतला बघ. हा श्वास ऐकला की समजायचं, बाईसाहेब खूश आहेत."

यातला एक शब्द चुकीचा नव्हता. पिवळी चालू असली की अगदी अशीच बोलायची. आत्ता मात्र पंखाही थांबला होता आणि धावपट्टीच्या फटींतलं गवत तेवढं वाऱ्यावर सळसळत होतं.

मुलीने वडिलांकडे पाहिलं. ती काही बोलणार, तोच डॉक्टरांनी नको म्हणून मान हलवली. फोन न उचलणं, एकच गोष्ट दोनदा विचारणं, बोलताना तोंडाकडे टक लावून बघणं, सगळं त्यांच्या एकदम लक्षात आलं. दर महिन्याला भेटून आपल्याला हे कळू नये, याची त्यांना लाज वाटली.

"ऐकलंस ना?" उस्तादांनी डोळे उघडत विचारलं.

"ऐकलं, काका," ती त्यांच्याकडे तोंड करून सावकाश म्हणाली.

"मग आता बंद करा, डॉक्टर. तापलीय बिचारी."

डॉक्टर खिडकीतून आत वाकले आणि बंद असलेली गाडी त्यांनी बंद केली.