नुसतं बघायचंय

"नुसतं बघायचंय," ताई म्हणाली. "तिला कळता कामा नये."

"बघितलेलं कळत नाही हो," हॉस्पिटलच्या काउंटरवरची मुलगी म्हणाली. ताईचा फोन तिच्या हातात होता. "फक्त उगाच काहीतरी दाबू नका."

ताई एक्स-रे काढायची. हॉस्पिटलात झाडून सगळे तिला ताईच म्हणत. सख्खी धाकटी बहीण मात्र एकच होती, आणि ती बोलत नव्हती.

"पण सरळ फोन का नाही करत?"

"केला होता. ओ दिली नाही तिने. किती हाका मारायच्या माणसाने?"

मुलीने सोशल मीडियावर अकाउंट उघडून दिलं, हॉस्पिटलातल्या चौघांना जोडलं, एका मावसभावाला जोडलं. मग साइटने आपणहूनच चेहऱ्यांची एक ओळ पुढे केली: तुमच्या ओळखीचे असतील. त्यात चिमटी होती, तिची धाकटी बहीण. केस कापलेले, चष्मा लागलेला. डावा खांदा अजूनही खालीच.

"ही मला दिसते, म्हणजे..."

"तिलाही तुम्ही दिसत असाल. ओळखीचे असतील म्हणून."

ताईने फोन हिसकावून घेतला आणि टेबलावर पालथा घातला.

बाहेर पेशंट खोळंबले होते. तिने दार उघडून नाव पुकारलं. बाकावरच्या आजोबांनी शाळेत हजेरी द्यावी तशी खणखणीत "ओ!" दिली. ताईने त्यांना प्लेटसमोर उभं केलं. "हनुवटी वर. खांदे पुढे. श्वास घ्या. धरा. हलू नका." काचेमागे येऊन तिने बटण दाबलं. "सोडा."

आजोबा शर्टाची बटणं लावेपर्यंत तिने फोन उलटा केला. चेहऱ्यांची ओळ गायब. तिने पान वर सरकवलं, खाली सरकवलं. कुणाचं मांजर, कुणाची नवी गाडी, कुणाचं तरी प्लास्टरमधलं पाऊल. पुन्हा वर. तिथे एक रिकामी चौकट होती: तुमच्या मनात काय आहे?

शोधायची चौकट ती हीच, असं तिला वाटलं. पण बोटं अडली. फोटोखाली पूर्ण नाव होतं, लग्नानंतरच्या आडनावासकट. ते तिने वाचलंच नव्हतं, खांद्याकडेच बघत राहिली होती. राहिलं ते घरातलं नाव. त्या नावाने तिने आजवर फक्त हाकच मारली होती, म्हणून लिहितानाही तसंच लिहिलं गेलं:

चिमटे

तिने निळं बटण दाबलं. काहीच सापडलं नाही. तिने फोन खिशात टाकला, काढला, पुन्हा टाकला.

एका पेशंटचा गुडघा झाला, एकाचं मनगट. पुढच्या बाईंना प्लेटला छाती टेकवून उभं करून ताई काचेमागे येते न येते तोच काउंटरवरची मुलगी तिथे घुसली. हसू तिला आवरत नव्हतं.

"ताई, चिमटे विकायला काढलेत का?"

"काय?"

"अहो, ती शोधायची चौकट नव्हती. सगळ्यांना दिसतंय ते. हे बघा, प्लास्टरवाले काका विचारतायत, कपड्यांचे की स्वयंपाकघरातले? वॉर्डातून विचारणा आहे, डझनाला काय भाव?"

ताईची कानशिलं तापली. "तिलाही दिसलं असेल?"

"कुणाला? अगंबाई." मुलीचं हसू विरलं. "सगळ्यांना म्हटल्यावर..."

"पूस. आत्ताच्या आत्ता पूस ते."

ताईने फोन तिच्या हातात कोंबला. "नेट रेंगाळतंय," मुलगी म्हणाली. "तुम्ही तुमचं काम करा, मी बघते."

ताई काचेकडे वळली. "श्वास घ्या," ती आत ओरडली. "धरा." बटण दाबलं.

"आलं, पुसायचं आलं," मुलगी म्हणाली. "आणि हे काय? अजून एक उत्तर खाली आलंय. लिहिता लिहिता राहिलेलं दिसतंय. नुसतं ओ."

ताईने मान वळवली. त्या अक्षराशेजारी नखाएवढा फोटो होता. डावा खांदा खाली.

"पुसू ना?" मुलीचं बोट फोनच्या काचेवर टेकायला आलं होतं.

"हलू नकोस," ताई म्हणाली.

आतून बाईंचा दबलेला आवाज आला.

"ताई, सोडू का?"