किल्ल्याच्या उलट दिशेला

लेक सुमिरे दोन वर्षांची झाली, तरी तिला कडेवर घेताना मायुकोला काहीच वाटत नसे; माया नाही की वैतागही नाही. शेवटी तिच्या नवऱ्यानं, केइगोनं, ओसाकातच स्टेशनजवळच्या एका हॉटेलात तिच्यासाठी दोन दिवस खोली घेतली. "झोप काढ, शहर बघ. पोरीपासून लांब राहिलीस की आपोआप जीव तुटेल बघ," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती हॉटेलसमोरच्या, ओसाकाचा किल्ला दिसणाऱ्या उंच इमारतीच्या गच्चीवर गेली आणि नाणं टाकून तिथल्या दुर्बिणीला डोळे लावून उभी राहिली.

"अगं बाई, किल्ला इकडं आहे. तू भलतीकडंच काय बघतेस?" मागे रांगेत उभ्या असलेल्या एक आजी म्हणाल्या.

"किल्ला कुठं पळून जातोय, आजी!"

दुर्बीण तिनं स्वतःच्या घराकडे वळवली होती. सहाव्या मजल्यावरच्या गॅलरीत केइगो साबणाचे फुगे सोडत होता आणि सुमिरे ते पकडायला उड्या मारत खिदळत होती. आपल्या आत काही हलतंय का, याची मायुकोनं वाट पाहिली. काही हललं नाही.

तेवढ्यात केइगोनं ओठांवर बोट ठेवून लेकीला गप्प केलं आणि खिशातून फोन काढला. मायुकोचा फोन वाजला.

"अगं, सकाळपासून नुसतं आई, आई चाललंय हिचं. रडून रडून डोळे सुजलेत. तुला येतेय का आठवण?"



"खूप," मायुकोही तितक्याच सहजपणे म्हणाली.