सोपं धरण

“मी खोटं सांगणार नाही,” गोरक्ष म्हणाला.

जीप विल्होळीच्या पुढे आली होती. सकाळी दवाखान्यात त्याच्या बायकोने, कुसाने, प्राण सोडला होता. आता घोटीजवळच्या खेड्यातून तिच्या आईला, भिमाबाईंना, नाशिकला आणायचं होतं. आई आल्याशिवाय तिला उचलायचं नाही, असं तो घरी सांगून आला होता.

भिमाबाईंना सांगायचं कसं, एवढाच प्रश्न होता. त्यांचा नवरा गेला तेव्हा कुणीतरी बांधावरून ओरडून सांगितलं होतं. त्या चिखलातच कोसळल्या. पुन्हा बोलू लागल्या तेव्हा भाताची कापणी उरकली होती.

“तब्येत जास्त आहे म्हणा,” जीप चालवता चालवता यादव म्हणाला. “सगळे असंच सांगतात, साहेब.”

“सगळे सांगतात म्हणून मी सांगू?”

दोघे धरणांची डिझाइनं करणाऱ्या एकाच ऑफिसात होते. त्या साली, त्र्याऐंशीला, त्यांनी एका मोठ्या धरणाचं गणित कॉम्प्युटरवर लावलं होतं. हजारो समीकरणं. कॉम्प्युटर अंदाजाने एक उत्तर धरायचा, चूक बघायचा, सुधारायचा, पुन्हा बघायचा. पण धरणाखाली कुठे कठीण खडक होता, कुठे भुसभुशीत. फेऱ्यांवर फेऱ्या व्हायच्या, उत्तर ठरत नव्हतं. मग गोरक्षने एक सोपं धरण मांडलं. आकार तोच, पण खालची जमीन सगळी सारखी. ते लगेच सुटायचं. दर फेरीला राहिलेली चूक आधी सोप्या धरणात घालायची, तिथलं उत्तर काढायचं, आणि ते धरून खरं उत्तर सुधारायचं. थोड्याच फेऱ्यांत गणित सुटलं.

“ते सोपं धरण कुठं बांधलंय, साहेब?” यादवने विचारलं.

“कुठेच नाही.”

“म्हणजे खोटंच.”

“खोटं नाही. जवळचं आहे. शेवटी उत्तर खऱ्या धरणाचंच येतं.”

आपलंच हे वाक्य गोरक्षने मनात पुन्हा एकदा म्हणून बघितलं. वाडीवऱ्हे मागे पडलं.

भिमाबाई दारात तांदूळ पाखडत होत्या. जावयाला अशा अवेळी बघून त्यांनी सूप खाली ठेवलं.

“कुसाची तब्येत जास्त आहे,” गोरक्ष म्हणाला. “तुम्हाला न्यायला आलोय.”

त्यांनी त्याच्या तोंडाकडे बघितलं. मग काही न विचारता आत गेल्या. बऱ्याच वेळाने बोचकं घेऊन बाहेर आल्या आणि जीपमध्ये मागे त्याच्याशेजारी बसल्या.

“खाती का काही?” जीप हमरस्त्याला लागल्यावर त्यांनी विचारलं.

“नाही. सलाईन लावलं होतं.”

“बोलती?”

“काल बोलली. दवाखान्यातल्या पोळीला नावं ठेवली. आईच्या हातची भाकरी पाहिजे म्हणाली.”

“आन आज?”

“आज शुद्ध नव्हती.”

भिमाबाईंनी मान हलवली. त्यांच्या डोळ्यांना पाणी आलं नाही, आवाजही हलला नाही. गोरक्षला वाटलं, यादवचं बरोबर होतं. दर उत्तराला आपण खऱ्याच्या जवळ सरकतोय आणि आई टिकून आहेत. आता एकच वाक्य राहिलं होतं. ते त्याच्या तोंडून निघेना.

जीप खड्ड्यात आदळली. भिमाबाईंच्या मांडीवरचं बोचकं सुटलं. आत हिरवं कोरं लुगडं होतं, हिरव्या बांगड्या होत्या, हळदकुंकवाची पुडी होती. सवाष्ण गेली की तिला शेवटचं नेसवायला माहेराहून नेतात, ते.

गोरक्ष बघत राहिला. भिमाबाईंनी लुगड्याची घडी नीट केली आणि बोचक्याला गाठ मारली.

“सांगा, जावईबापू. सावकाश सांगा,” त्या म्हणाल्या. “नाशिक यायला अजून येळ हाय.”